गालातला घास

रतनबाईंनी शिंगाळ्याचं डोकं फळीवर ठेवलं, कोयता आडवा धरून कल्ल्यात घातला आणि त्याच्या तोंडातून एक पिवळा गोळा बाहेर पडला. बोराएवढा. फळीवरून घरंगळत, खालच्या ओल्या फरशीवर पडून तो माझ्या लेकीच्या, परूच्या सँडलपाशी थांबला. फुटला नाही. "आगं बया," रतनबाई म्हणाल्या, "गाभोळीची मादी दिसती. पर गाभोळी तोंडात कशी काय?" मी काही बोलणार नव्हते. दीड महिन्यात बाजारात मी कुणाशी गरजेपलीकडे बोलले नव्हते. लोणावळ्यात सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि माझ्या सपाट पोटाकडे बघून लोक आधी थांबत आणि मग मेथीचा भाव सांगत. पण तोंडातून निघून गेलं, "नर आहे तो." रतनबाईंनी कोयता तसाच धरून माझ्याकडे बघितलं. "नराला कुटं अंडी असत्यात, मॅडम?" "घालते मादीच. तो फक्त तोंडात धरतो. पिल्लं होईपर्यंत." शेजारी बोंबील निवडत बसलेली बाई हसायला लागली. "ऐकलं का रतनबाई! तुमच्या मालकाला सांगा." "आमच्या मालकाच्या तोंडात तंबाखू ऱ्हाती," रतनबाई म्हणाल्या, "अंडी ठिवली असती तर रंगली असती." दोघी हसल्या, मीही हसले असेन. तेवढ्यात परू खाली बसली.

परूच्या डाव्या गालात तेव्हा पोहे होते. सकाळी नऊ वीसला दिलेला घास, आणि आता पावणेअकरा. मला वेळा माहीत असतात. फ्रिजवर कागद लावलाय, त्यावर घास कधी दिला आणि कधी थुंकला हे मी लिहिते. गिळला असं मात्र गेल्या दीड महिन्यात त्या कागदावर एकदाही लिहिलेलं नाही. पातळ जातं तिला: दूध, पेज, वरणाचं पाणी. पण चावावं असं काही असलं की ती चावते, मऊ करते, गालात सारते आणि धरून ठेवते. तासन् तास. गालातला घास घेऊन ती खेळते, चित्रं काढते, झोपते. झोपली की मी बोट घालून काढून घेते, ठसका लागेल म्हणून. चार वर्षं दोन महिन्यांची आहे. चौदा किलो शंभर ग्रॅम होती, मागच्या सोमवारी बारा किलो तीनशे भरली. डॉक्टरांनी घशाचे फोटो काढले, घशात काही नाही. "येत्या सोमवारी बाराच्या खाली आली," ते म्हणाले होते, "तर आपण ॲडमिट करू. नाकातून नळी घालावी लागेल. घाबरू नका." नळी किती जाड असते, हे मी त्यांना विचारलं. त्यांनी करंगळीकडे बघितलं आणि मग म्हणाले, त्याहून बारीक.

आज शुक्रवार होता.

परूने ते अंडं दोन बोटांत उचललं. उजेडासमोर धरलं. आत केसासारखी लाल रेघ होती, बर्फात दोन दिवस राहूनही तशीच. ती रेघ म्हणजे आतल्या पिल्लाची रक्तवाहिनी, हे मला ठाऊक होतं. तिने ओठ जेमतेम उघडून, पोह्यांच्या आडून विचारलं, "ह्याने नाही गिळलं?" मी म्हटलं, "नाही गं, टाक ते, घाण आहे." आणि तिने अंडं तोंडाकडे नेलं. खाण्यासाठी नव्हे, खाणाऱ्या मुलाचा चेहरा मला कळतो. ती ते अगदी जपून, ओठ गोल करून, आत ठेवायला निघाली होती. मी तिच्या हातावर फटका मारला. आयुष्यात पहिल्यांदा. अंडं उडालं, फळीच्या पायाला लागून फुटलं. परू रडली, पण तोंड मिटून रडली. नाकातून, गाल फुगवून, डोळ्यांतून सगळं वाहत होतं आणि ओठ घट्ट. भर बाजारात मूल असं रडताना बघून लोकांनी वाट करून दिली. "ऱ्हाऊ द्या मॅडम, लेकरू हाय," रतनबाई म्हणत होत्या. मासा घेतलाच नाही.

रिक्षात ती मला टेकून बसली नाही. मी तिच्या गळ्याकडे बघत राहिले, नेहमीसारखी. आणि डोळ्यांपुढे ते बंदर यायला लागलं, जिथे मी सहा महिने काढले होते. एम.एस्सी.चा प्रबंध. मावळातली पोरगी, समुद्र सहलीपुरता बघितलेला, आणि विषय मिळाला शिंगाळा. चिखलाच्या तळाशी राहणारा, मिशांनी चाचपडत खाणारा, कातड्याचा, खवले नसलेला, काटा लागला तर हात दोन दिवस सुजवणारा मासा. मैत्रिणी म्हणाल्या, तुलाच बरा हा कुरूप मिळाला. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं. मग पावसाळा संपता संपता पहिला अंडी धरलेला नर माझ्या हातात आला. त्याच्या तोंडात त्रेपन्न अंडी होती. बांगडा लाखांनी अंडी सोडतो आणि निघून जातो, जगतील ती जगतील. हा मात्र मोजकी पन्नास-साठ घेतो, तोंडात ठेवतो, सतत हळूहळू फिरवत राहतो म्हणजे प्रत्येकाला पाणी लागेल, आणि दीड-दोन महिने काही म्हणजे काही खात नाही. खाल्लं तर गिळावं लागेल. गिळलं तर तीही जातील. पोट चिंधीसारखं होतं त्याचं. डोकं तेवढं मोठं दिसतं.

माझी अडचण अशी होती की जाळ्यात सापडला की तो घाबरून अंडी टाकून देई. होडी धक्क्याला लागेपर्यंत तोंडं रिकामी, आणि मला तर आकडे हवे होते. मग मी होडी चालवणाऱ्या तांडेलकाकांना सुतळीचं बंडल दिलं. जाळं वर घेताच नरांची तोंडं बांधायची. ते दोनदा माझ्याकडे बघून म्हणाले, "बापाचं तोंड बांधायचं?" मग बांधून आणू लागले. ओळीने ठेवलेले, सुतळी करकचून आवळलेले ते मासे मी घेई, प्रयोगशाळेत सुतळी कापी, अंडी मोजी. मला त्याचं काही वाटत नव्हतं. खरंच नव्हतं वाटत. बावीस वर्षांची होते, माझी पद्धत चालते आहे याचाच आनंद होता. काका सांगत, पूर्वी ह्यांचे थवेच्या थवे वर येत, एकाच वेढ्यात होडी भरायची, सगळे बापच. "डेकवर अंडी एवढी, की पाय घसरायचे. पिवळा चिखल नुसता. फावड्याने परत पाण्यात लोटायचो. तेव्हा कळलं नाय, ताई. पोरं तोंडात असलेले बाप उचलले, मग पुढच्या सालाला मासा येणार कुठून?" मी ते वहीत उतरवून घेतलं, प्रस्तावनेत घातलं. मी एकूण दोनशे बारा नरांची पोटं फाडली. दोनशे पाचांची रिकामी होती. सातांच्या पोटात अंडी होती. गाइड सरांनी लाल पेनाने समासात लिहिलं, पकडले जाण्याच्या धक्क्याने चुकून गिळली गेली असावीत. मी तसंच छापलं. 'चुकून'. पुढे कधीतरी रात्री ते सात मला आठवत: दीड महिना धरलं, आणि मग एका झटक्यात, गळा आपोआप हलला.

परूला ही गोष्ट मीच सांगितली. पोटात बाळ होतं तेव्हा. झोपताना तिला रोज एक प्राणी हवा असे. वाघ संपला, हत्ती संपला, मग मी शिंगाळेबाबा काढले. बाबा पिल्लं तोंडात घेऊन चिखलात फिरतात, आजूबाजूला कोळंबी नाचत असते, वास येतो, भूक लागते, पण बाबा तोंड उघडत नाहीत. ती खदखदून हसे. माझ्या नवऱ्याला, प्रज्ञेशला, तोंड मिटून, गाल फुगवून खोलीभर चालायला लावी, आणि तोही चाले, उर्स्याच्या कंपनीतून पहिली पाळी करून आलेला, डबा हातात, गाल फुगवलेले. "आणि गिळलं तर?" एकदा तिने विचारलं. मी झोपेला आले होते. म्हणाले, "गिळलं तर मरतात ना पिल्लं. म्हणून गिळायचं नाही." मग तिने माझ्या पोटावर हात ठेवला. "आणि हे बाळ? हे तोंडातून पोटात गेलं?" मी म्हणाले, हो, असंच काहीतरी, झोप आता.

सातव्या महिन्यात एका दुपारी बाळ हललं नाही. गोड खाल्लं, डाव्या कुशीवर झोपले, थंड पाणी प्यायले. नाही. पडद्यावर डॉक्टरीणबाई बराच वेळ शोधत होत्या, मग त्यांनी आवाजाचं बटण बंद केलं, तेव्हाच मला कळलं. तरीही त्याला जन्म द्यावाच लागतो, हे मला आधी माहीत नव्हतं, इतकं शिकूनही. मुलगा होता. मला त्याची नखं दाखवली, म्हणजे फडकं सरकलं तेव्हा दिसली. मग प्रज्ञेश आणि आबा, माझे सासरे, त्याला घेऊन मळवलीला गेले. बायका जात नाहीत. परू तेव्हा मळवलीलाच सासूबाईंजवळ होती; तिला काहीच सांगायचं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं, आणि मी मान हलवली. पाचव्या दिवशी ती घरी आली, माझ्या पोटाकडे बघितलं. मी वाट बघत होते, ती विचारेल. तिने विचारलं नाही. त्या संध्याकाळी चपातीचा पहिला घास तिच्या गालात राहिला. मला वाटलं, दात दुखत असेल.

घरी आल्यावर मी तिचे हात धुतले, साबणाने दोनदा, वास जाईना. ज्या हातावर मारलं तो लाल दिसत नव्हता, तरी मी त्यावर फुंकर घालत होते. "सॉरी परू, मम्मी चुकली." ती आरशातून माझ्याकडे बघत होती. मग बेसिनवर वाकून तिने पोह्यांचा लगदा थुंकला, बाराला दहा कमी, आणि मोकळ्या तोंडाने, अगदी सरळ विचारलं, "मम्मी, तू गिळलंस ना बाळ?"

नळ वाहत होता. मी तो बंद केला. मला वाटलं होतं तिला कुणीतरी काही सांगितलं असेल, घाबरवलं असेल, वाड्यातल्या पोरांनी, सासूबाईंनी, शेजारच्या कोमलने. मनात एकेकाला दोष देऊन झाला होता. आणि दीड महिना माझं लेकरू माझ्यासमोर बसून, मी भरवलेला प्रत्येक घास, न मरू देता, धरून ठेवत होतं. "नाही," मी म्हणाले. "मी नाही गिळलं." "मग कुठाय?" "बाळ मेलं, परू. पोटातच. मग बाहेर आलं. पप्पांनी आणि आबांनी त्याला मातीत ठेवलं." "कुठल्या मातीत?" मी तोंड उघडलं आणि मला कळलं की मला माहीत नाही. "तू बघितलं नाहीस," ती म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात. तिने फक्त ते बाजूला काढून ठेवलं, की मम्मीला माहीत नाही, म्हणजे मम्मी नक्की सांगू शकत नाही. दुपारी वरणभाताचा घास पुन्हा गालात गेला.

प्रज्ञेश चारला आला. मी दारातच विचारलं, "बाळाला कुठे ठेवलंय?" त्याने बूट काढले, मोजे बुटांत कोंबले, पुन्हा काढून झटकले. "का?" "परूला बघायचंय." "तिथे बघण्यासारखं काही नाहीये, अपेक्षा." "तरी." "आबा म्हणाले होते, अपेक्षाला दाखवू नको, पाय तिकडेच वळतील." मी त्याला बेसिनपाशी झालेलं सांगितलं. तो खुर्चीवर बसला. डबा अजून हातातच होता. मी घेतला तर जड लागला. उघडून बघितला. तीन चपात्या, भाजी, सगळं तसंच. मी त्याच्याकडे बघितलं, म्हणजे दीड महिन्यात पहिल्यांदा नीट बघितलं. पट्ट्याला त्याने खिळ्याने नवीन भोक पाडलं होतं. मी एकाच गळ्याकडे बघत राहिले होते. "कँटीनला खातो मी," तो म्हणाला, आणि दोघांनाही कळलं की हे खरं नाही. "रविवारी जाऊ," तो म्हणाला.

रविवारी मळवलीच्या घरी आबा ओट्यावर बसूनच होते. रेल्वेत गँगमन होते, कुठेही निघायचं तर तासभर आधी तयार. सासूबाईंनी, शालन त्यांचं नाव, मला जवळ घेतलं आणि लगेच चुलीकडे वळल्या. "भाकरी बांधून देते. वाटंत पोरीला कायतरी लागंल." "पोर खाती कुटं," आबा म्हणाले. "खाती न्हाई म्हून बांधायची न्हाई व्हय?" सासूबाई फणकारल्या. त्यांनी गरम भाकरीचा तुकडा दुधात बुडवून परूच्या तोंडात दिला. परूने चावला, मऊ केला, डावीकडे सारला. मग सासूबाईंनी चप्पल घातली. "तू कुटं?" आबांनी विचारलं. "जितं तुमी चाललाय तितंच. माजा न्हाई का नातू?" आबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, पण नको म्हणाले नाहीत.

बांधावरून एकामागे एक चाललो. भाताला लोंब्या आल्या होत्या, दुधाच्या, दाबल्या की पांढरं येतं तशा. पुढे फार्महाऊसची कुंपणं, त्यापलीकडे ओढा. आबा वाट शोधत होते, दोनदा थांबले, काठीने गवत सारलं. प्रज्ञेश थांबला नाही. तो खाली न बघता दगडांवर पाय टाकत गेला, ओलांडायच्या जागी बरोबर ओलांडून, आणि मला समजलं की दर गुरुवारी गाडीचं काम आहे सांगून तो कुठे जात होता. करंजाच्या झाडाखाली पाथरवटाने सोडल्यासारखा एक चपटा दगड होता. भोवतीचं गवत कुणीतरी हाताने उपटलेलं. "हितं," आबा म्हणाले. "कुत्री उकरत्यात म्हून दगड ठिवला."

मला वाटत होतं मी कोसळेन. काही झालं नाही. ऊन होतं, ओढ्याला पाणी होतं, दगड केवढासा होता. मी परूचा हात धरला होता, तो तिने सोडवून घेतला. पुढे जाऊन उकिडवी बसली. दगडाला हात लावला, गरम आहे का बघावं तसा. "ह्याच्या खाली?" "हो," प्रज्ञेश म्हणाला. "मी ठेवला." "मम्मीने गिळलं नाही?" "नाही परू. माझ्या हातात होता. मी बघितलाय त्याला." त्याचा आवाज मध्येच तुटला आणि पुन्हा सुरू झाला. "तुझ्यासारखं नाक होतं." हे मला माहीत नव्हतं. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी पदर तोंडात धरला.

परूने दगडावरची माती तळहाताने पुसली. मग बोट गालात घालून भाकरीचा लगदा काढला, सगळा, मागचा राहिलेला कणसुद्धा, आणि दगडावर ठेवला. दुसऱ्या हाताने त्याला नीट गोल केलं. "बाळा, तुझा आहे," ती म्हणाली. "मी नाही गिळला."

प्रज्ञेश पुढे वाकला. "परू, असं नसतं ठेवायचं. आपल्यात नाही करत हे." तो आबांकडे बघतच बोलला. या घरात घास ठेवत नाहीत. आबांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून ना पिंड, ना काकघास, ना नैवेद्य. आबांनी तर गावाशी भांडून ते पाळलं. त्यांच्या आईने शेवटच्या आजारात हळूच सांगितलं होतं, माझ्यामागं भाताचा एक घास ठिव रं सखाराम. आणि त्यांनी ठेवला नव्हता. ही गोष्ट ते अभिमानाने सांगत. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात ऐकली होती, आणि मला ते आवडले होते.

आबांनी काठी आडवी करून प्रज्ञेशला थांबवलं. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "पर आबा—" "ऱ्हाऊ दे म्हनलं ना. तिचा हाय त्यो. तिनं धरलाय येवढा." आणि मग ते काठीवर भार देत, गुडघे कुरकुरत, तिच्या शेजारी मातीत बसले. म्हातारा माणूस असा खाली बसला की उठताना दोघं लागतात. परूने विचारलं, "आबा, हा कधी संपणार?" "मुंग्या येत्याल. जरा दम धर." म्हणून आम्ही सगळेच बसलो. पाच माणसं, एका दगडाभोवती. पलीकडे एक्सप्रेस-वेवरून गाड्यांचा एकसारखा आवाज येत होता. मुंग्या आल्या. आधी एक, ती परत गेली. मग करंजाच्या मुळातून बारीक लाल रांग. परू पापणी न हलवता बघत होती. एका मुंगीने कण उचलला, तो तिच्याहून मोठा होता, तो घेऊन ती दगडाच्या कडेवरून खाली मातीत शिरली. "गेला आत," परू म्हणाली. आबा ओढ्याकडे बघायला लागले आणि तिकडेच बघत राहिले.

मग परूने माझ्याकडे तोंड वळवलं आणि आ केला. लहानपणी, म्हणजे दोन महिन्यांपूर्वी करायची तसा. आत दुधाचे दात, जीभ, तिच्यामागे काळोख. दोन्ही गाल रिकामे. भाकरी सासूबाईंच्या फडक्यात होती, हातभर अंतरावर, आणि मला हात उचलता येईना. मी नुसती बघत होते. प्रज्ञेशने फडकं ओढून घेतलं. गाठ त्याला सुटेना, दाताने सोडली. त्याने भाकरी मोडली, निम्मा तुकडा परूच्या तोंडात दिला, आणि उरलेला निम्मा, तिच्या डोळ्यांत बघत, स्वतःच्या तोंडात घातला. दोघं चावत होते. तो आधी थांबला, न गिळता. आता तो तिची वाट बघत होता, गाल भरलेले, आणि ती त्याची.